डोळ्यांना कांहीं झालेलें नाहीं

चष्म्याला आपल्या भाषेंत ‘चाळिशी’ हें नांव पडलें तें उगीच नाहीं. डोळ्यांत बाहुलीच्या मागें एक लवचीक भिंग असतें, आणि त्याच्या सभोंवार एका बारीक स्नायूचें कडें असतें. दूर पाहतांना हा स्नायु सैल असतो; जवळ पाहावयाचें झालें कीं तो आवळतो, भिंग फुगतें, आणि पुस्तकांतील अक्षर दृष्टिपटलावर नेमकें उमटतें. जवळ पाहतांना भिंगाचाच आकार बदलतो, हें थॉमस यंग या इंग्रज वैद्यानें १८०१ सालीं दाखविलें. स्नायूच्या आवळण्यानें तें कसें फुगतें याची उपपत्ति पुढें सुमारें अर्ध्या शतकानें हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें मांडली. दहा वर्षांच्या मुलाचें भिंग इतकें मऊ असतें कीं नाकापासून तीन इंचांवर धरलेली मुंगीहि तें पोर स्पष्ट पाहूं शकतें. वयाबरोबर भिंग ताठर होत जातें, आणि चाळिशी-पंचेचाळिशीच्या सुमारास वर्तमानपत्र दूर धरावयास हात अपुरा पडूं लागतो. हा निसर्गाचा क्रम आहे. चष्मा येतो, आणि त्याबरोबर घरांत थोडा मानहि वाढतो!

परंतु ज्याचें भिंग अजून मऊ आहे अशा माणसाचा तो स्नायूच जेव्हां हट्ट धरून बसतो, एकदां आवळला कीं सुटत नाहीं आणि सुटला कीं वेळेवर आवळत नाहीं, तेव्हां त्या विकाराला आपल्या घरांत नांव नसतें; आणि ज्याला नांव नाहीं त्यावर कोणाचा विश्वासहि बसत नाहीं. या विकाराशीं आमचा परिचय वयाच्या चौतिसाव्या वर्षीं झाला. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकापुढें बसणारीं माणसें आतां घरोघर आहेत. तेव्हां ही हकीकत अगदींच अस्थानीं वाटूं नये.

आमचा व्यवसाय मुद्रितशोधनाचा. पूर्वी हें काम कागदावर होई, आतां तें बहुतेक स्क्रीनवरच होतें. २०२३ सालच्या पावसाळ्यांत आमच्या वडिलांनीं (आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं) मूत्रपिंडाच्या विकारानें अंथरूण धरलें. आठवड्यांतून तीन दिवस डायलिसिस सुरू झालें. रात्रीचें जागरण आम्ही व वडील बंधू वांटून घेत असूं. दिवसा डायलिसिसच्या खोलीबाहेर बांकावर बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन, आम्ही पुस्तकें तपाशीत असूं. आणि मधल्या वेळांत विम्याचे कागद, बिलें, आप्तेष्टांचे निरोप हें सारें मोबाइलवर चाले.

श्रावणाच्या सुमारास आमच्या ध्यानांत आलें कीं, वाचतां वाचतां मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें तर कांटे दिसावयास चार-पांच सेकंद लागतात. संध्याकाळीं बसचा क्रमांक ती अगदीं अंगावर आल्याखेरीज वाचतां येईना. भुवयांच्या वर ठणका लागे. सकाळीं मात्र सारें स्वच्छ! पुढें पुढें तर तिसऱ्या प्रहरानंतर स्क्रीनवरील अक्षरेंहि पोहूं लागलीं. पहिली वेलांटी कीं दुसरी हें ज्याला दिसत नाहीं, त्या मुद्रितशोधकाला काम कोण देणार? शिवाय आमचे आजोबा शेवटचीं नऊ वर्षें काचबिंदूमुळें अंध होते. त्यांचें नांव त्या दिवसांत घरांत कोणी काढलें नाहीं. परंतु सर्वांच्या मनांत तेंच होतें, आणि आमच्या मनांत तर रात्रंदिवस होतें.

आईनें निदान केलें, “सारखा त्या मोबाइलांत डोळे घालून बसतोस, दुसरें काय व्हायचें!” वहिनींची शंका निराळी होती. त्या म्हणाल्या, “भाऊजी, सकाळीं गच्चीवरून पर्वतीचा कळस दिसतो म्हणतां, आणि संध्याकाळीं समोरच्या घराची पाटी दिसत नाहीं म्हणतां. असें कसें?” या प्रश्नांत किंचित् अविश्वासहि होता. तथापि साऱ्या प्रकरणाचें मर्म वहिनींच्याच प्रश्नांत होतें, असें पुढें ठरलें. ज्या डोळ्याला खरा नंबर आहे त्याला तो सकाळींहि असतो आणि संध्याकाळींहि असतो.

चष्म्याच्या एका दुकानांत यंत्रावर तपासून आम्हांस उणे पाऊण नंबर देण्यांत आला. महिन्यानें दुसऱ्या एका दुकानांत तोच सव्वा निघाला. त्या चष्म्यांनीं दूरचें कांहीं दिवस बरें दिसे, पण वाचन अधिकच जड होई. याचें कारण मागाहून कळलें. उणे नंबराची कांच डोळ्यापुढें आली कीं जवळचें पाहण्यासाठीं त्या आधींच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळावें लागतें. थकलेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पोतें, असाच हा प्रकार.

शेवटीं बंधूंनीं आम्हांस एका नेत्रवैद्यांकडे नेलें. त्यांनीं डोळ्यांतील दाब मोजला, मागची नस पाहिली, आणि काचबिंदूचा मागमूसहि नाहीं असें सांगितलें. मग त्यांनीं डोळ्यांत थेंब घातले. हे थेंब नुसती बाहुली मोठी करणारे नव्हते; त्या स्नायूला कांहीं तास निश्चेष्ट करणारे होते. तासाभरानें पुन्हां तपासणी झाली, तेव्हां तो सव्वा नंबर पार नाहींसा झालेला! हा खोटा लघुदृष्टिदोष होता. आवळलेला स्नायु सुटत नसल्यामुळें डोळा जवळच अडकून राही, आणि यंत्र त्यालाच नंबर समजे.

“तुमच्या डोळ्यांना कांहीं झालेलें नाहीं,” डॉक्टर म्हणाले. हें वाक्य ऐकून जिवांत जीव आला खरा; परंतु त्याच क्षणीं मनाला थोडें लागलेंहि. तीन महिने जें आम्ही सोशीत होतों तें मग काय होतें? आमची मुद्रा पाहून डॉक्टर पुढें म्हणाले, “डोळ्यांना कांहीं झालेलें नाहीं, म्हणजे तुम्हांला कांहीं होत नाहीं असें मीं म्हटलेलें नाहीं. घरीं सध्यां काय चाललें आहे?” आम्ही उत्तर देण्यापूर्वींच बंधूंनीं अण्णांच्या आजाराची सारी हकीकत सांगितली. नेत्रवैद्यानें घरचें विचारावें याचें आम्हांस त्या वेळीं नवल वाटलें, तें आतां वाटत नाहीं. हा स्नायु आपण हात उचलावा तसा हुकमानें हालवूं शकत नाहीं. नाडी, घाम, पचन हीं ज्या स्वायत्त मज्जातंतूंच्या सत्तेखालीं चालतात, त्यांच्याच सत्तेखालीं तोहि चालतो. परीक्षेच्या दिवसांत ज्यांच्या पोटांत कालवतें त्यांना कोणी खोटें ठरवीत नाहीं. डोळ्यानेंच काय अपराध केला आहे?

आतां स्क्रीनविषयीं. येथें एक गणित आम्हांस विचार करण्याजोगें वाटलें. पुस्तक आपण एक फुटावर धरतों, तेव्हां डोळ्याला सुमारें तीन डायऑप्टरांचें बळ लावावें लागतें. संगणक हातभर दूर असतो, त्याला दीड-पावणेदोन पुरतें. म्हणजे पोथी वाचण्यापेक्षां संगणक पाहणें सोपें! मोबाइल मात्र वीतभर अंतरावर येतो आणि चार-पांच डायऑप्टर घेतो. मग संगणकानें डोळे कां थकावेत? एक तर त्यापुढें आपण पापण्या मिटावयास विसरतों. एरव्हीं मिनिटास पंधराएक वेळां होणारी उघडझाप स्क्रीनपुढें निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येते, आणि डोळे कोरडे पडतात. दुसरें कारण आमच्या व्यवसायांत स्पष्ट दिसतें. पूर्वी छापखान्याचा पोऱ्या ओलीं मुद्रितें घेऊन येई. तीं संपलीं कीं दुसरीं येईपर्यंत मुद्रितशोधक खिडकीशीं उभा राही, विडा लावी, कोणाशीं दोन गोष्टी बोले. ती विश्रांति कोणी दिलेली नव्हती. कामाच्या चालींतच ती होती. संगणकावर मात्र एक पान संपण्यापूर्वींच दुसरें हजर असतें. जुनी माणसें समईच्या उजेडांत वाचून धडधाकट राहिलीं, असें आम्हांस ऐकविणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी. समईंतील तेलहि संपत असे.

डॉक्टरांनीं जवळच्या कामापुरता सौम्य अधिक नंबराचा चष्मा दिला. चौतिसाव्या वर्षीं आम्हांस चाळिशी लागली म्हणून पुतण्यांनीं बरीच थट्टा केली. आमचें मेज भिंतीकडे तोंड करून होतें, तें उचलून खिडकीशीं नेलें. दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावें असा एक नियम प्रसिद्ध आहे. हे आंकडे लक्षांत राहण्यासाठीं जुळविलेले असावेत, असें आमचें मत. आम्ही पान संपलें कीं पर्वतीकडे पाहतों, आणि देवळाची कड स्पष्ट दिसेपर्यंत दुसरें पान घेत नाहीं. अखेरचें वाचन कागदावर करतों. आणि दवाखान्याच्या बिलांचें काम बंधूंनीं आपल्याकडे घेतलें. या शेवटच्या गोष्टीचा गुण किती आला हें मोजून सांगतां येणार नाहीं, पण आमच्या हिशेबीं तिचा क्रमांक वरचा लागेल.

याखेरीज एक व्यायाम होता. एका दांड्यावर दोन जोड्या भिंगें बसविलेलीं असतात, एक अधिक नंबरांची व एक उण्यांची. बारीक अक्षर वाचावयाचें आणि तें स्पष्ट होतांच दांडा उलटावयाचा. रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्या हातांत घड्याळ घेऊन बसे व मोठ्यानें मोजी. आरंभीं एका डोळ्यानें मिनिटांत तीन आवर्तनेंहि होत ना. निरोगी तरुणाला अकराच्या आसपास जमावींत अशी अपेक्षा असते. आई जप थांबवून विचारी, “आज किती झालीं रे?”

सल्ले पुष्कळ मिळाले. निळा प्रकाश अडविणारे चष्मे घ्या, असें अनेकांनीं सांगितलें. परंतु २०२३ सालींच प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांत, डोळ्यांचा थकवा कमी करण्यास त्यांचा बहुधा उपयोग होत नाहीं असाच निष्कर्ष आहे. कोणी त्राटक सुचविलें. त्राटकाची योग्यता मनाच्या एकाग्रतेसाठीं असेल. कोरड्या पडलेल्या डोळ्यांना न मिटतां ज्योतीकडे पाहावयास लावणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. एका स्नेह्यांनीं डॉ. बेट्स यांचें १९२० सालचें पुस्तक आणून दिलें. दृष्टीचे दोष मनाच्या ताणानेंच होतात आणि व्यायामानें चष्मा सुटतो, असा या अमेरिकन वैद्यांचा दावा. आल्डस हक्स्ले यांच्यासारख्या बुद्धिमान् लेखकानेंहि १९४२ सालीं त्याच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिलें. पण जवळ पाहतांना भिंग बदलतच नाहीं, असें बेट्स मानीत, आणि तें साफ चुकीचें आहे. ताणानें आमच्यासारखा दोष होतो, यावरून सारेच दोष ताणाचे ठरत नाहींत. लांबट डोळ्याची खरी लघुदृष्टि व्यायामानें जात नाहीं. तिला चष्माच हवा.

म्हणूनच ज्या घरांत मुलें आहेत त्यांना एक सांगावेंसें वाटतें. परीक्षेच्या दिवसांत मूल ‘फळा दिसत नाहीं’ म्हणूं लागलें, तर त्याला ढोंगी म्हणूं नये आणि घाईनें चष्माहि घेऊं नये. थेंब घालून तपासणी करून घ्यावी. पुष्कळदां नंबर खराच निघेल. परंतु एकाएकीं दिसेनासें झालें, विजा चमकल्यासारखें दिसलें, एकाची दोन दिसूं लागलीं, किंवा डोळा लाल होऊन दुखूं लागला, तर ताणाबिणाची चर्चा न करतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

अण्णा २०२४ च्या फेब्रुवारींत गेले. आतां जागरणें संपलीं, डोळे सुधारतील, असें सर्वांना वाटलें, आम्हांसहि वाटलें. तसें झालें नाहीं. पुढचे दोन महिने त्यांचीं पासबुकें, पत्रें, हिशेबाच्या वह्या आवरण्यांत गेले, आणि त्या काळांत घड्याळाचे कांटे पुन्हां उशिरां दिसूं लागले. वहिनींनीं या वेळीं कांहींच विचारलें नाहीं, वह्यांचा गठ्ठा उचलून कपाटांत ठेवला आणि म्हणाल्या, “वर्षश्राद्धानंतर पाहूं.” ज्येष्ठापासून उतार पडला. हल्लीं आवर्तनें दहापर्यंत जातात, आणि मार्च महिन्यांतील कामाच्या गर्दींत आठवडाभर कमी होतात. उणे नंबराचे ते दोन चष्मे अजून मेजाच्या खणांत आहेत. आई ते टाकूं देत नाहीं; कोणाला तरी उपयोगीं पडतील, असें तिचें म्हणणें आहे.