दुखण्याचं कोण विचारतं?

पवनानगरात कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचा बसवणार?" आणि दुसरा, "किती खर्च?" दोन्हींची उत्तरं आता चहाच्या टपरीवरही मिळतात. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला लगाम घातला आणि दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, कर सोडून, 54,720 रुपयांवर आला. चांगलंच झालं. धातूचा भाव ठरला. पण गुडघा बसवल्यानंतरच्या तीन रात्रींचं काय, हे कुणी विचारत नाही. माझ्या अम्मीचे दोन्ही गुडघे बदलले, सोळा महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या दवाखान्यांत. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे गुडघे लवकर झिजतात याचं मला नवल वाटत नाही. मावळातली भातलावणी एकदा करून पाहावी. पाय चिखलात रुतलेले, कंबर वाकलेली, वरून पाऊस. आज धरणाकाठी तंबू ठोकून रात्र काढणाऱ्या पाहुण्यांना इंद्रायणीचा वास आवडतो, त्या भातामागचे गुडघे त्यांना दिसत नाहीत. अब्बा धरणाच्या कामावर आले आणि काले कॉलनीचेच झाले. अम्मीने कित्येक पावसाळे दुसऱ्यांच्या खाचरांत काढले.

त्यात नमाज. पाच वेळच्या फर्ज रकाती सतरा, प्रत्येकीत दोन सजदे. नुसते फर्ज धरले तरी दिवसाला 34 सजदे होतात. साठी ओलांडल्यावर अम्मी खुर्चीवर आली. खुर्चीवरची नमाज कबूल असते हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी कपाळ जमिनीला टेकत नाही याची सल तिच्या बोलण्यात यायचीच.

डावा गुडघा आधी झाला. दवाखाना मोठा होता, नाव लिहीत नाही. कमरेतून भूल दिली, ऑपरेशन चोख झालं. संध्याकाळी भूल उतरली आणि रात्र सुरू झाली. अम्मीने पदराचा बोळा दातांखाली धरला होता. बेल हाताशी असून दाबली नाही. मी बोलावलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पहिले दोन दिवस दुखणारच हो, आजी." रात्री दोन वाजता इंजेक्शन मिळालं, त्याने उलट्या झाल्या.

अम्मीचं म्हणणं ठरलेलं होतं. काटा टोचला तरी गुनाह झडतात, मग हे तर केवढं मोठं दुखणं! सब्र करायचं. हदीसमध्ये तसं आहे हे मलाही ठाऊक आहे. पण तो दिलासा आजाऱ्यासाठी आहे, औषध अडवण्यासाठी नाही. अल्लाहने आजार दिला त्यासोबत इलाजही दिला, हेही हदीसमध्येच आहे. आणि इब्न सीना, ज्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, त्यांनी आपल्या 'कानून'मध्ये वेदनेचे पंधरा प्रकार वेगळे केले आणि ती शमवायची कशी हेही लिहिलं. सब्र पुरेसं असतं तर त्यांनी एवढे कष्ट कशाला घेतले असते? (बायकांच्या सब्राचं कौतुक पुरुषांच्या सब्रापेक्षा जरा जास्तच होतं, हेही आपल्यात बोलून ठेवतो.)

त्या सब्राची किंमत गुडघ्याने मोजली. दुखतं म्हणून पाय हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून सांधा आखडतो, रक्ताच्या गुठळीची भीतीही वाढते. अम्मी तिसऱ्या दिवशी कशीबशी उभी राहिली. गुडघा पुरेसा वाकावा म्हणून पुढे दोन महिने व्यायाम, आणि प्रत्येक व्यायामाला रडणं.

उजव्या गुडघ्याच्या वेळी आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई स्वतः खाटेजवळ आल्या. म्हणाल्या, "ऑपरेशनची भूल काही तासांत उतरेल. नंतरच्या रात्रीसाठी मांडीतली नस बधिर करणार आहे." कागदावर पाय काढून दाखवला. मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूने, स्नायूंच्या खाली एक बोगदा असतो. त्यातून रक्तवाहिनीच्या सोबतीने गुडघ्याच्या पुढच्या भागाची जाणीव वाहणारी नस जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई तिथपर्यंत न्यायची आणि बधिर करणारं औषध तिच्याभोवती सोडायचं. एका इंजेक्शनचा असर साधारण बारा ते चोवीस तास राहतो. बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवलं तर दोन-तीन दिवसही.

मी विचारलं, नसच बधिर केली तर पाय लुळा नाही पडणार? त्यांना प्रश्न आवडला असावा. पूर्वी जांघेजवळची मोठी नस बधिर करत, त्याने दुखणं छान थांबे, पण मांडीचा पुढचा स्नायूही ढिला पडे आणि उठायला गेलेला पेशंट पडायचा. आता खाली, मांडीच्या मध्यावर देतात, तिथे ताकद बरीचशी राहते. "बरीचशी, पूर्ण नाही," हे त्यांनी दोनदा सांगितलं. कुणी धरल्याशिवाय खाटेवरून उतरायचं नाही. गुडघ्याच्या मागच्या बाजूचं दुखणं या नसेने थांबत नाही, त्यासाठी सांध्यामागे वेगळं इंजेक्शन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायच्या. नसेला इजा होणं किंवा औषध रक्तात जाऊन त्रास होणं क्वचित घडतं, पण घडतं.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट: असर संपतो तेव्हा दुखणं एकदम अंगावर येतं, बहुधा रात्रीच. म्हणून पाय बधिर असतानाच, काही दुखत नसताना, वेदनेची गोळी वेळेवर घ्यायची. अम्मीने नेमकं यालाच हरकत घेतली. दुखत नाही तर गोळी कशाला? बाई म्हणाल्या, "आजी, पाऊस यायच्या आधीच कौलं शाकारता ना?" त्यावर अम्मी गप्प झाली.

त्या रात्री तिने इशाची नमाज पडल्या-पडल्या इशाऱ्याने पढली आणि झोपली. फजरच्या सुमारास असर उतरला. "दुखतंय," म्हणाली, "पण बोलता येतंय." त्याच सकाळी वॉकर धरून चार पावलं टाकली. सगळ्यांना असंच होईल असं मी म्हणत नाही, दुसऱ्या वेळी माणूस थोडा सरावलेलाही असतो. पण उजवा गुडघा डाव्यापेक्षा तीन आठवडे आधी मार्गी लागला, हे आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलं.

मग हे सगळीकडे का होत नाही? एक कारण मला नंतर कळलं आणि ते आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात गुंतलेलं आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या राज्याने केला, 1988 मध्ये. केंद्राचा 1994 चा. त्यानुसार सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं, मग ते पोटावर लावायचं असो की सत्तरीच्या बाईच्या मांडीवर. 2012 च्या नियमांनी तर फिरत्या मशीनला जवळपास जागेवर बांधून ठेवलं. छोट्या गावातला भूलतज्ज्ञ एका दवाखान्यातून दुसऱ्यात बॅग घेऊन फिरतो, ती बॅग मशीनविना असते. कायद्याला माझा विरोध नाही. ज्या मुली जन्माला आल्याच नाहीत त्यांचा हिशेब मोठा आहे. तरी मांडीची नस बघणाऱ्या मशीनसाठी वेगळी वाट काढणं सरकारला अशक्य नसावं.

अम्मी आजही खुर्चीवरच नमाज पढते. नवा गुडघा साधारण 110 ते 120 अंश वाकतो, दोन सजद्यांच्या मध्ये पाय मुडपून बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. ते परत मिळालं नाही. बाजारात मात्र चालत जाते.

शेजारच्या वहिनींचा गुडघा आता ठरतो आहे. अम्मीने मला बसवून चिठ्ठी लिहायला लावली: भूल कोण देणार, नस बधिर करतात का, असर कधी उतरेल, गोळी किती वाजता, रात्री कुणाला बोलवायचं. कंपनीचं नाव तिने लिहू दिलं नाही. वहिनींच्या मुलाने चिठ्ठी दवाखान्यात नेली. भूलतज्ज्ञ बाहेरून येतात आणि मशीन नाही, असं उत्तर मिळालं. सर्जन सांध्याभोवती इंजेक्शनं देतील म्हणाले, त्यानेही बराच फरक पडतो म्हणे. वहिनी अजून विचार करताहेत.