माळ ओळखणारी घरे

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोमंतकात शिरणाऱ्या ख्रिस्ती यात्रेकरूच्या मनात बहुधा एकच इच्छा असते: जुन्या गोव्यास जाऊन गोंयच्या सायबाचे दर्शन घ्यावे, मेणबत्ती लावावी, नवस फेडावा आणि दिवस मावळण्यापूर्वी परतीची वाट धरावी. ही इच्छा पवित्र आहे व तिच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु या वेळी आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही निघालो, तेव्हा दोन दिवसांची सवड काढून निघालो. त्याला कारणही तसेच होते.

दरवर्षी ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसऱ्या रविवारी आपल्या देवळांतून मिशन रविवार पाळला जातो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली ही प्रथा घालून दिली. त्या दिवशी पेटी फिरते, प्रत्येकजण यथाशक्ति दान टाकतो. मग कोणी प्रामाणिक कुटुंबप्रमुख आम्हांस विचारतो, “फादर, मिशन म्हणजे समुद्रापलीकडे गेलेल्या धर्मगुरूंचे व सिस्टरांचे काम. आम्ही शेतात राबणारी माणसे. पेटीत चार पैसे टाकण्यापलीकडे आमचा त्यात वाटा तो कोणता?” या प्रश्नाचे उत्तर प्रवचनपीठावरून देण्यापेक्षा गोव्याच्या वाटांवर दाखवावे, असे आम्हांस वाटले.

बॉम जेझू बासिलिकेत चांदीच्या पेटीत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष ठेवलेले आहेत. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात ते दर्शनासाठी खाली आणले होते, तेव्हा तेथे उसळलेली गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र देऊळ शांत होते. आमच्याबरोबरची मुले मान उंच करून त्या पेटीकडे पाहात होती. त्यांना आम्ही सांगितले की, ६ मे १५४२ रोजी हे संत गोव्यास उतरले आणि अवघ्या दहा वर्षांनी, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर त्यांनी देह ठेवला. त्या दहा वर्षांत त्यांनी मलाक्का, मोलुकास व जपान गाठले. एवढे प्रचंड काम करणाऱ्या या मिशनऱ्याने गोव्यात आरंभ कशाने केला? हातात घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्यांतून हिंडत आणि मुलांना व चाकरमाणसांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत.

पुढे तामिळ किनाऱ्यावरील परव कोळ्यांमध्ये ते काम करीत असता आजाऱ्यांची बोलावणी इतकी येत की एकट्या माणसास ती पुरी पडेनात. मग त्यांनी काय केले, हे १५४४ च्या आरंभी लिहिलेल्या त्यांच्या पत्रात नमूद आहे. प्रार्थना शिकलेल्या मुलांनाच ते आजाऱ्यांच्या घरी धाडीत. ती मुले घरच्यांना व शेजाऱ्यांना जमवून श्रद्धेचा अंगीकार म्हणत आणि आजाऱ्याला धीर देत. बासिलिकेच्या थंड फरशीवर बसलेल्या आमच्या मुलांना ही गोष्ट फार आवडली. आपल्या वयाची मुले एवढ्या मोठ्या संताची मदतनीस होती, हे त्यांनी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

जुन्या गोव्यातच, वर्दळीपासून दूर, टेकडीवर एका देवळाचे भग्नावशेष आहेत. तेथे पूर्वी ‘चमत्कारांच्या क्रुसाचे’ देऊळ होते. तो क्रूस आता से कॅथेड्रलमध्ये आहे. या पडक्या भिंतींकडे यात्रेकरू सहसा फिरकत नाहीत. पण आमच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात या जागेचे मोल मोठे आहे. सतराव्या शतकात युरोपीय संन्यासी संघांची दारे गोमंतकीय धर्मगुरूंना बहुतांशी बंद होती. येथील माणसाने धर्मगुरू व्हावे, पण संघात येऊ नये, असा तो काळ होता. तेव्हा काही गोमंतकीय धर्मगुरूंनी येथे एकत्र राहून प्रार्थनामय जीवन सुरू केले, आणि १६८५ साली फादर जोसेफ वाझ त्यांना येऊन मिळाले. त्यांच्या नेतृत्वाखाली येथे संत फिलिप नेरी यांच्या नियमानुसार चालणारी ओरेटरी उभी राहिली. ज्यांना कमी लेखले गेले, त्यांनी तक्रार करीत बसण्यापेक्षा दुसऱ्यांच्या तारणासाठी कंबर कसली. या भिंतींनी पाहिलेली ही गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती तरुणाने मनावर कोरून ठेवावी.

तेथून आम्ही पिलारच्या टेकडीवर गेलो. १८८७ साली स्थापन झालेल्या पिलार मिशनरी संघाचे हे माहेर. पूज्य फादर आग्नेल डिसोझा यांची समाधी येथेच आहे. हणजुणे गावी १८६९ साली जन्मलेल्या या पुण्यपुरुषाने उत्तर कानड्यातील कुमठ्यासारख्या ठिकाणी गोरगरिबांची सेवा केली. समाधीपाशी मिस्साबली अर्पण करून दुपारी आम्ही आगशीच्या वाटेने झुआरी नदीचा पूल ओलांडला आणि सांकवाळला पोहोचलो.

सांकवाळ येथे आरोग्यमातेच्या प्राचीन देवळाचा केवळ दर्शनी भाग उभा आहे. एकोणिसाव्या शतकात आगीने देऊळ गेले. मागे आकाश आहे आणि पुढे ही एकटी भिंत. संत जोसेफ वाझ यांचे घराणे या गावचे. त्यांचा जन्म मात्र २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावली येथे झाला. वडील क्रिस्तोव्हाँव वाझ, आई मारिया दे मिरांदा. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि दुसऱ्या वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, आपण पवित्र मरियेचे जन्मभराचे दास आहोत असा लेख त्यांनी स्वतः लिहून सही केला. त्या भिंतीच्या सावलीत बसून आम्ही आमच्या लोकांना त्यांच्या सिलोनच्या प्रवासाची हकीकत सांगितली. ती येथे थोडी विस्ताराने देतो, कारण उपरोक्त प्रश्नाचे उत्तर तीतच आहे.

१६५८ साली डच लोकांनी जाफना जिंकले. ते कॅल्विनपंथी होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, देवळे ताब्यात घेतली आणि धर्मगुरूस आसरा देणाऱ्यास देहान्ताची शिक्षा जाहीर केली. तेथील कॅथलिक प्रजा सुमारे तीस वर्षे मेंढपाळावाचून राहिली. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, परमप्रसाद नाही. जन्मलेले मूल तारुण्यात येईपर्यंत त्याने धर्मगुरूचे तोंड पाहिले नाही. ही वार्ता गोव्यास आली तेव्हा फादर वाझ यांचे मन स्वस्थ बसेना. १६८६ साली ते निघाले. अंगात मजुराचा वेष, पायी अनवाणी, सोबतीला जुवांव नावाचा घरचा विश्वासू सेवक. १६८७ साली ते जाफन्यास पोहोचले, ते आजारी अवस्थेत आणि कफल्लक होऊन.

आता अडचण अशी की कॅथलिक कोण, हे ओळखावे कसे? विचारावे तर पकडले जाण्याचे भय; आणि ज्यांना विचारायचे, तेही जिवाच्या भीतीने गप्प. परंपरा सांगते की, फादर वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भीक मागत ते दारोदार फिरू लागले. बहुतेक दारांवर त्यांना मूठभर भात मिळाला. काही दारांवर मात्र घरच्या माणसांची नजर त्या माळेवर खिळली. असे होता होता एका घराचा विश्वास बसला, त्यांनी त्यांना आत घेतले, आणि रात्रीच्या वेळी, दारे लावून, त्या भूमीवर पुन्हा मिस्साबली अर्पण होऊ लागला.

वाचकहो, या प्रसंगात आम्ही आजवर फादर वाझ यांचे धैर्यच पाहात आलो होतो. सांकवाळच्या त्या भिंतीखाली आमचे लक्ष दाराच्या आतल्या बाजूस गेले. माळ घालणारा संत झाला, हे खरे; पण माळ ओळखणारे कोणी घरात नसते, तर तो भिकारी म्हणूनच पुढे गेला असता. तीस वर्षे धर्मगुरू नसता त्या घरांतून माळ कोणी जिवंत ठेवली? कोण्या आईने, कोण्या आजीने दिवा मंद करून, खालच्या आवाजात नातवंडांना ‘नमो मरिया’ शिकविली असेल, म्हणूनच ते दार उघडले. त्या बायांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. परंतु सिलोनच्या मिशनचे अर्धे श्रेय त्यांचे आहे.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. १६९२ साली फादर वाझ कँडीच्या राज्यात शिरले, तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. बौद्धधर्मी राजाने पुढे त्यांचे निष्कपट जीवन पाहून त्यांना मोकळीक दिली. १६९७ साली देवीची साथ आली. आप्तांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी आणि त्यांच्या नात्यातील फादर जोसेफ कार्व्हालो यांनी स्वहस्ते केली; धर्म कोणता, हे विचारले नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

हे ऐकून आमच्याबरोबरच्या एका वृद्ध आजीने विचारले, “मग फादर, ते घरी परत कधी आले?” आम्ही म्हणालो, “आजी, ते परत आलेच नाहीत.” आजी काही वेळ गप्प राहिल्या. त्यांचा मुलगा आखातात कामाला आहे. मग त्या एवढेच म्हणाल्या, “देवाला दिले म्हणजे हिशेब मागायचा नसतो. पण आईला लागते हो.” या वाक्यात भर घालण्याचे धाडस आम्हांस होत नाही. मिशनकार्याचा खर्च पेटीतील पैशांनी भागत नाही. त्याचा मोठा हिस्सा आयांनी भरलेला असतो.

दुसऱ्या दिवशी बाणावलीच्या देवळात, जेथे बाळ जोसेफचा बाप्तिस्मा झाला, प्रार्थना करून आम्ही साष्टीतील राशोलच्या सेमिनरीत गेलो. फादर आग्नेल यांनी १९२७ साली येथेच प्राण सोडला. पण मराठी वाचकास हे स्थान आणखी एका कारणासाठी वंद्य आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि येथील भाषेवर त्यांनी असे प्रभुत्व मिळविले की सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ साली राशोल येथे ते छापले गेले. पुढे त्याच शतकात आणखी दोनदा छापले गेले. परदेशातून आलेल्या मिशनऱ्याने आमच्या आयांची ओवी शिकून प्रभूचे चरित्र आमच्या ओठी दिले!

या ग्रंथाचे पुढे काय झाले? १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही पुराण जगले, कारण भाविकांनी ते हाताने उतरून घेतले, घरात जपले आणि उपवासकाळात गायिले. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी आपल्या बोचक्यात ही हस्तलिखितेही नेली. अशा प्रतींच्या आधारेच १९०७ साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. छापखान्याला जे राखता आले नाही, ते घराने राखले.

आता आपल्याकडे वळू. आजच्या काळात आपल्या गावांतून धर्मछळ नाही, देवळाचे दार उघडे आहे, घंटा वेळेवर वाजते. तरी संध्याकाळी किती घरांतून माळेची प्रार्थना ऐकू येते? आम्ही घरभेटीस जातो तेव्हा वेदीवर माळ दिसते, पण कित्येकदा ती खिळ्याला टांगलेली असते आणि तिच्यावर धूळ असते. घरातले चौघे चार कोपऱ्यांत, प्रत्येकाच्या हातात निराळा मोबाईल. मुले शिकून परगावी जातात, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु ती बरोबर काय घेऊन जातात, याची चिंता वाटते.

परगावी जाणे आपल्या लोकांना नवीन नाही. मुंबईत धोबीतलावाजवळ गोवेकरांच्या कुडी आहेत. जहाजावर जाणारे खलाशी तेथे गावाच्या नावाने एकत्र राहात. प्रत्येक कुडीत वेदी असे आणि संध्याकाळी माळ म्हणण्याचा नियम असे. घर सुटले तरी घराची प्रार्थना सुटू नये, ही त्यामागची दृष्टी. आज आखातातील देवळे कोणी भरली आहेत? भारत, फिलिपाइन्स अशा देशांतून पोटासाठी गेलेल्या कामगारांनी, नर्सनी, मोलकरणींनी. ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबूधाबी येथे मिस्साबली अर्पण केला, तेव्हा जमलेला प्रचंड समुदाय मुख्यतः अशाच श्रमिकांचा होता. त्यांना कोणी मिशनरी म्हणून पाठविले नव्हते. पण ज्याने घरून माळ नेली, तो न पाठविता मिशनरी झाला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबास घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आणि १९६५ साली संपूर्ण ख्रिस्तसभा स्वभावतःच मिशनरी असल्याचे सांगितले. ही दोन वचने निरनिराळी नाहीत. मठाबाहेर मिशनला कधीही न गेलेल्या लिज्यूच्या संत तेरेजा यांना १९२७ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या ठरविण्यात आले. आणि त्यांचे आईवडील, लुई व झेली मार्टिन, यांना संतपद मिळाले ते १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, मिशन रविवारी. जोसेफ वाझ यांना संत म्हणून घोषित केले तेही त्याच वर्षी. एकाच वर्षात ख्रिस्तसभेने घराबाहेर पडलेल्यासही गौरविले आणि घर राखणाऱ्यांसही.

म्हणून, “आमचा वाटा कोणता?” असे विचारणाऱ्या कुटुंबप्रमुखास आमचे सांगणे इतकेच: मिशन रविवारी पेटीत यथाशक्ति टाकावे, पण त्याच संध्याकाळी खिळ्यावरची माळ खाली काढावी. पहिले दशक बापाने सुरू करावे, ते केवळ आईवर सोपवू नये. लहानात लहान मुलास एक तरी ‘नमो मरिया’ स्वतःच्या भाषेत म्हणू द्यावी. एक दशक अनोळखी देशातील मिशनऱ्यांसाठी ठेवावे. परदेशी असलेल्या मुलाशी त्याच मोबाईलवर बोलताना, पैसे पोहोचले का, एवढ्यावर न थांबता, प्रार्थना चालू आहे का, हेही विचारावे. आणि घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने देवाकडे जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तर हसून ती उडवून लावू नये.

गळ्यात माळ घातलेला कोणी श्रांत पांथस्थ उद्या आपल्या दारात उभा राहिला, तर ती माळ ओळखणारे डोळे आपल्या प्रत्येक घरात असोत, हीच संत जोसेफ वाझ यांच्या मध्यस्थीने प्रभुचरणी आमची नम्र प्रार्थना.