नावे

शनिवार पेठेतील एका जैन व्यापारी कुटुंबातील मुलगी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षात आहे. घराण्याची कापडाची पेढी तीन पिढ्यांची. वार्षिक प्रदर्शनासाठी प्रत्येकाने आपल्या कलेला एक नाव द्यावे, असे शिक्षकांनी सुचविले, आणि काम तयार होत आले असूनही ती नावापाशी अडली. ‘स्त्रीवादी कला’ हे नाव तिला खोटे वाटत नव्हते. परंतु ते ऐकताच वडील म्हणाले, “लोक नावे ठेवतील.” आजीला तर तो शब्दच उमगला नाही. जिच्यासाठी ही कला, तिलाच तिचे नाव परके वाटावे, हे मुलीला अधिक बोचले.

तिच्या कामाचा उगम आजीच्या जरीकामात होता. उपाश्रयात गुरुमहाराजांच्या आसनामागे लावायचा पूठिया आणि वर बांधायचा चंदरवा आजीने कित्येक महिने खपून भरला होता. त्याच्या कडेला जरीनेच कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. लाभ त्यांनी घेतला, अशी ती नोंद. टाके घालणारीचे नाव कोठेच नाही. आजीने कधी तक्रार केली नाही; गुप्तदानाचे पुण्य मोठे, असे ती म्हणते. मुलीचा प्रश्न साधा होता. गुप्तदान करणारा स्वतःच्या इच्छेने आपले नाव झाकतो. आजीला तिची इच्छा कोणी विचारली होती का?

नावाच्या शोधात ती वाचीत गेली. १९७७-७८च्या सुमारास मिरियम शापिरो आणि मेलिसा मेयर या अमेरिकेतील दोन चित्रकर्त्रींनी ‘फेमाज’ असा शब्द मांडला. कागद आणि कापड चिकटवून केलेल्या ‘कोलाज’चे श्रेय आधुनिक चित्रकारांना मिळाले, पण कापणे, शिवणे, तुकडे जोडून नक्षी उभी करणे बायका कितीतरी आधीपासून करीत आल्या होत्या, हे त्यांना त्या शब्दातून सांगायचे होते. विचार पटला. शब्द मात्र आजीपर्यंत नेता येईना.

याहून जवळचे उदाहरण तिला पुण्यातच मिळाले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये येथेच छापले गेले. स्त्रीवाद हा शब्द तेव्हा मराठीत रुळलेला नव्हता. ताराबाईंनी ‘तुलना’ हा शब्द घेतला, आणि तुला म्हणजे तराजू. जे दोष स्त्रीला लावता, ते पुरुषाच्या पारड्यातही घालून पाहा, हा त्यांचा आग्रह. बाजारात कोणालाही कळेल असा तो शब्द होता.

तसे शब्द व्यापाऱ्याच्या घरात कमी नसतात. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला गणित शिकविले, असे आपली परंपरा सांगते. अक्षर आणि अंक दोन्ही कन्यांच्या हाती दिले गेले. वहीत मात्र लेकीसुनांच्या हातांची नोंद राहिली नाही. वहीचा नियम तर स्पष्ट आहे: देणाऱ्याचे जमा, घेणाऱ्याच्या नावे. मुलीने पेढीतील जुन्या चोपड्यांची कोरी राहिलेली पाने घेतली आणि त्यांवर आजीच्याच दोऱ्याने नोंदी भरल्या. डावीकडे जमा: चंदरवा, तोरण, रात्रीची जागरणे. उजवीकडे नावे: घर. साऱ्या कामालाच तिने नाव दिले, ‘नावे’.

वडिलांनी पाने उलटून पाहिली. “नावे टाकले की वसुली आली. ही वसुली कोण करणार?”

“वसुली नको, बाबा. आधी नोंद तरी होऊ दे.”

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेढीतून आणखी कोरी पाने घरी आली.

आजीला शब्द समजावून सांगावा लागला नाही. पान हातात घेऊन तिने टाके निरखले आणि म्हणाली, “माझ्या आधी सासूबाईंचे नाव घाल. टाका त्यांनी शिकविला.” मग तिने त्यांचे माहेरचे नाव सांगितले. ते घरातील कोणत्याही वहीत नव्हते. वडिलांनीही ते त्या दिवशी प्रथमच ऐकले.