आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात आमच्या घरी कुणी आले, की आबा पाणीसुद्धा विचारत नाहीत. आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट झालं?"

आयर्विन पूल सांगलीला कृष्णा नदीवर आहे. दगडी, कमानींचा. सांगली संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या काळात, १९२९ साली तो खुला झाला. त्या वेळच्या व्हाइसरॉयचे नाव त्याला दिले. पुलाशी पाणी मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. कोयना धरणाचे पाणी सुटले, की आकडा चढू लागतो.

कमान उभी कशी राहते, ते गुरुजींनी सांगितले. दगड पाचरीसारखे घडवतात. वरून वजन आले की ते एकमेकांना दाबतात आणि भार खांबांवर जातो. आम्ही मातीच्या विटा करून बघितल्या. खालचा आधार काढला की माझी कमान पडायची. तीनदा पडली. चौथ्यांदा राहिली, पण ती गुरुजींनी लावली होती.

२००५ च्या पुरात आयर्विनला ५३ फुटांवर पाणी गेले. तेव्हा ते आमच्या उंबऱ्याला नुसते शिवून गेले. म्हणून आबा म्हणायचे, "त्रेपन्नापातुर भ्या न्हाई. उंबऱ्यावरनं माघारी जातंय बघ."

ऑगस्ट २०१९ मध्ये सगळी गल्ली माळावर निघाली, आबा निघेनात. अण्णा हाताला धरून ओढत होते. मी बालवाडीत होते, नुसती रडत होते. सांगलीहून मामाचा फोन आला, चोपन्न झाले. आबा गप उठले. त्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेले. आमची मागची भिंत पडली. कणगीतली ज्वारी कुजली. एक म्हैस गेली.

दिवाळीत आबांनी मला पूल दाखवायला नेले. महाडजवळचा सावित्री नदीवरचा दगडी पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला, त्याबरोबर एस.टी. गाड्या आणि माणसे गेली. आपला पूल एकाच वर्षाने धाकटा! मला चालायची भीती वाटली. आबांनी मात्र कठड्याच्या दगडावर हात थापटला, म्हशीला थापटतात तसा. म्हणाले, "ह्याची काय चूक? त्यानं खरंच सांगितलं हुतं."

२०२१ ला परत पूर आला. आकडा ५० व्हायच्या आत आम्ही माळावर होतो. म्हशी पुढे, त्यांच्या मागे आबा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी