चेनची ढील आणि माझी हिशेबाची वही



मागच्या वेळी मी उन्हाळी पापडांविषयी लिहिले होते. आज विषय जरा वेगळा आहे. हसू नका, मी यंदा मोटारसायकलची चेन सेट करायला शिकले. वय वर्षे चौसष्ट, गुडघे अजून शाबूत आहेत, म्हणून जमले.

आमच्याकडे १९७८ ची बुलेट आहे. साडेतीनशे सीसी म्हणतात ती, खरे तर ३४६. ही गाडी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला बनायची. आमची जुन्या पद्धतीची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजची मुले बसली की हमखास चुकतात. सासऱ्यांनी घेतली, यांच्या नावावर केली, पण चालवली दोघा भावांनी.

यंदा चातुर्मास बसताना आम्ही परिग्रह-परिमाणात वाहने एकवर आणायचे ठरवले. स्कूटर रोजच्या उपयोगाची, म्हणजे बुलेट जाणार. पुण्याच्या मुलाला तिची हौस नाही. हे म्हणाले, "धुळ्याला देऊ. भाऊच्या मुलाला आवड आहे." मी 'बरं' म्हटले आणि स्वयंपाकघरात गेले. का गेले ते पुढे सांगते.

गाडी दोन वर्षे पडवीत उभी होती. गॅरेजवाल्याने येऊन कार्बोरेटर, प्लग, बॅटरी सगळे बघितले. चेनचे मात्र "उद्या येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. पुतण्या रविवारी गाडी न्यायला येणार. जळगाव ते धुळे, पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. पूर्वीचा सहा नंबरचा महामार्ग, आता त्रेपन्न झालाय. ट्रकची वर्दळ तुम्हाला माहीत आहेच. यांना चेन तशीच ठेवून मुलाला पाठवायचे नव्हते, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर यांना उकिडवे बसता येत नाही. हे खुर्चीत बसले, मी गोणपाटावर.

आधी जयणा. दोन वर्षांत चेनवर आणि चाकाच्या आऱ्यांत कोळ्यांनी घरे केली होती. पूंजणीने हळूहळू एकेक कोळी बाजूला केला, त्यातच अर्धा तास गेला. मग खाली जुनी परात ठेवली, म्हणजे रॉकेल अंगणात सांडून मुंग्या मरायला नकोत. इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवत, ब्रशने चेन धुतली आणि कोरड्या फडक्याने पुसली. इंजिन चालू ठेवून चेन पुसायची नाही, हे यांनी तीनदा बजावले. बोटे जातात.

मग मूळ काम. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. खालच्या बाजूने चेनच्या मधोमध बोट लावून वर-खाली करून बघायचे. एकूण साधारण एक ते सव्वा इंच हलली तर ठीक. आमची दोन इंचांच्या वर लोंबत होती. एवढी ढिली चेन धक्के देते, आणि स्प्रॉकेटवरून उतरून अडकली तर चालते चाक जाम होते.

मी विचारले, लोखंडाची चेन लांब कशी होते? हे म्हणाले, लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजते. एका कडीत ती झीज केसाएवढी, पण नव्वद-शंभर कड्यांची मिळून बोटभर होते. झीज सगळीकडे सारखीही नसते, म्हणून चाक फिरवून पाच-सहा ठिकाणी बघायचे आणि जिथे चेन सर्वात ताठ असेल तिथे माप घ्यायचे. चेन संपली आहे का तेही बघितले. मागच्या स्प्रॉकेटवर पार मागे धरून ओढली तर दात उघडा पडत नव्हता. म्हणजे अजून आयुष्य होते.

मागच्या चाकाच्या आसाचा नट सैल केला, ब्रेकच्या सळईचाही. आसाच्या दोन्ही टोकांना शंखासारख्या चकत्या असतात, कडेला खाचा असलेल्या. चकती फिरवली की आस मागे सरकतो आणि चेन आवळली जाते. दोन्हीकडे मोजून सारख्याच खाचा फिरवायच्या, नाहीतर चाक तिरके बसते. मोजण्यात मी चुकणारी नाही. बी.कॉम. आहे, तेही जळगावची कॉलेजे पुणे विद्यापीठात होती तेव्हाची.

मी खाचा मोजल्या, नट आवळले आणि खुशीत म्हटले, "बघा, आता जराही हलत नाही."

हे काही बोलले नाहीत. रविवारी सकाळी पुतण्या आला, नमस्कार करून उभा राहिला. हे त्याला म्हणाले, "गाडी स्टँडवरून काढ आणि बस." मग मला, "आता बोट लाव."

चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी झाली होती.

"असं का?" मी विचारले.

"पुढचं स्प्रॉकेट गिअरबॉक्सवर आहे," हे म्हणाले. "मागचं चाक ज्या दांड्यावर वर-खाली होतं, त्याची बिजागरी त्याच्या मागे आहे. दोन्ही एका जागी नाहीत. माणूस बसला की गाडी दबते आणि दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं. खड्डा आला की आणखी वाढतं. रिकाम्या गाडीवर जी ढील ठेवायची, ती बसणाऱ्याच्या वजनासाठी असते. तू ती काढून घेतलीस. अशी गेली तर एरंडोलपर्यंत काही कळणार नाही, पण गिअरबॉक्सचं आणि चाकाचं बेअरिंग खाऊन टाकेल."

पुतण्या म्हणाला, "बडीमम्मी, द्या पाना, मी करतो."

मी पाना दिला नाही. पुन्हा गोणपाटावर बसले. पण हात चालेना. त्या मुलाकडे बघून मला २००९ साल आठवत होते.

तेव्हा सासूबाई अठरा दिवस इथे दवाखान्यात होत्या. खर्च झाला ६१,४८० रुपये. त्या गेल्या, तेरा दिवस झाले, आणि दोघा भावांच्या वाटणीचे कागद सुरू झाले. हिशेबाची वही माझ्याकडे. निम्मे होतात ३०,७४०. भाऊजींनी २७,००० दिलेले होते. मी वही पुढे केली आणि सगळ्यांदेखत म्हटले, "भाऊजी, ३,७४० बाकी निघतात."

आकडा बरोबर होता. एका पैशाची चूक नव्हती.

पण त्या अठरा दिवसांत भाऊजी दुकान सांभाळून रोज संध्याकाळी धुळ्याहून याच बुलेटवर येत होते. रात्रभर आईजवळ बसत आणि पहाटे परत जात. आम्ही घरी झोपत होतो. त्या पेट्रोलचे, त्या जागरणाचे खाते माझ्या वहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर ३,७४० रुपये ठेवले आणि शेजारी बुलेटची किल्ली ठेवली. "गाडी दादांच्या नावावर आहे," एवढेच म्हणाले आणि एस.टी.ने गेले.

भांडण असे कधी झाले नाही. लग्नकार्याला भेटलो, दुःखाच्या प्रसंगी गेलो. दर संवत्सरीला दोन्हीकडून खमतखामणा झाला, आधी पत्राने, मग फोनवर, आता हात जोडलेल्या चित्रासह सगळ्यांना एकच निरोप. पण सोळा वर्षांत भाऊजी आमच्या घरी मुक्कामाला राहिले नाहीत. मी मनाशी म्हणत राहिले, माझे काय चुकले? हिशेब तर बरोबर होता.

यांनी मला तेव्हाही काही म्हटले नव्हते, आणि त्या रविवारीही बोलले ते चेनविषयीच. मैत्रिणींनो, तेच मला जास्त लागले.

दोन्ही चकत्या एकेक खाच मागे घेतल्या. स्टँडवर मोजले, सव्वा इंच. पुतण्याला बसवले, बोट लावले, आता थोडी हलत होती. नट आवळले. चाक सरकले की मागचा ब्रेक बदलतो, म्हणून तोही पुन्हा जुळवला. जोडकडीची क्लिप बघितली, तिचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवे. शेवटी नव्वद नंबरच्या गिअर ऑइलचे थेंब आणि फडक्याने जादाचे पुसणे. दुपारी पुतण्या निघाला. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हावे म्हणून मी त्याला दशम्या बांधून दिल्या.

संवत्सरीच्या दोन दिवस आधी मी यांना म्हटले, "यंदा निरोप नको. धुळ्याला जाऊ."

एस.टी.त पारोळ्यापर्यंत वाक्ये जुळवत होते. पोहोचल्यावर त्यातले एकही आठवले नाही. भाऊजी अंगणात गाडीजवळच होते. मी म्हटले, "भाऊजी, ते ३,७४० मी मागायला नको होते. रात्री तुम्ही जागत होतात आणि मी आकडे मांडत होते. मिच्छामि दुक्कडं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. जाऊबाई दारात ताटकळल्या. मग भाऊजी खाली वाकले, चेनला खालून बोट लावले आणि विचारले, "ही कोणी सेट केली?"

"मी."

"बरोबर आहे," ते म्हणाले.

जाऊबाईंनी डोळे पुसले आणि आम्हाला आत नेले. दिवस मावळायच्या आत चौघेही जेवलो. जुना विषय पुन्हा निघाला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. सोळा वर्षांची झीज एका दिवसात भरून येत नाही, हे आता कळते.

निघताना भाऊजी यांना म्हणाले, "दादा, आता जरा चालली की चेन पुन्हा बघावी लागेल. दिवाळीनंतर मी गाडी घेऊन जळगावला येतो. वहिनींनाच करू दे."

"मुक्कामाला या," मी म्हटले.

"बघू," ते म्हणाले.

वरच्या खोलीतली गादी मी उन्हात घालून ठेवली आहे.