गुडघे नव्हे, कान

आम्ही बेळगावचे. बाबा नोकरीत होते तेव्हा दर हिवाळ्यात आम्हाला उळवीला न्यायचे. माघी पौर्णिमेला तिथं चन्नबसवेश्वरांची जत्रा भरते, लांबलांबून बैलगाड्या येतात. आम्ही मात्र जत्रेच्या आधी, गर्दी नसताना जायचो. देवळात दर्शन, मग गावाच्या रस्त्यानं पक्षी बघत फिरायचं. काळी व्याघ्र प्रकल्पाचा परिसर, त्यामुळे रानात शिरायचं नाही. बाबांचा नियम एकच: "आधी कान, मग दुर्बीण."

गेली तीन वर्षं ते यायचं टाळत होते. "गुडघे दुखतात, तूच जा की." मी चिडायचे. यंदा जानेवारीत ओढूनच नेलं.

सकाळचे सात. धुकं, पानांवरून दव ठिबकत होतं. डोक्यावर वटवट्या ओरडला. हिमालयाकडून हिवाळ्यापुरता येणारा बोटभर पक्षी, आवाज अगदी बारीक. "बाबा, वटवट्या!" ते हसून "हो, हो" म्हणाले, पण बघत होते भलत्याच झाडाकडे. पुढं सूर्यपक्ष्याच्या वेळीही तेच.

"बाबा, ऐकू येत नाही काय?"

ते जरा गप्प राहिले. "बारीक आवाज गेले बघ. तुला पक्षी दाखवणारा माणूस मी. आता नुसती मान हलवत फिरू?"

मला काय बोलावं सुचेना. गुडघ्यांवरून किती टोमणे मारले होते मी!

तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "थांब." मला काहीच कळलं नाही. मग दरीकडून आवाज आला, घुस्स... घुस्स..., जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा. महाधनेशाची जोडी! पिवळी चोच, काळे-पांढरे पंख, अगदी डोक्यावरून गेली.

बाबा पुन्हा पूर्वीसारखे सांगू लागले. आता ही जोडी ढोली शोधणार. मादी आत बसून दार लिंपून घेणार, फटीएवढी जागा ठेवणार. नर महिनोन् महिने चोचीनं फळं भरवणार. "म्हणून जुनी मोठी झाडं राहायला पाहिजेत. ढोली नाही, तर पिल्लू नाही."

परतल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आता यंत्र बसवलंय. कुरकुर चालू आहे, पण परवा अंगणातला शिंजीर त्यांनीच आधी ओळखला.

तुमच्याही घरी कुणी "गुडघे दुखतात" म्हणून फिरायला येणं टाळत असेल, तर एकदा कानांचीही चौकशी करा.