आवराआवर

आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यात तूरडाळ असते. कॉफीच्या बरणीत जिरं असतं. आणि ज्या डब्यावर ठळक अक्षरांत 'साखर' लिहिलंय, त्यात माझ्या आठवणीत तरी कायम रवाच आहे. नवखा माणूस आमच्याकडे चहा करायला गेला तर त्याचा शिरा व्हायचा! पण आई मात्र लोडशेडिंगच्या अंधारातसुद्धा हात घालायची तो नेमक्या डब्यावर.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आईसाठी नवा कॉम्प्युटर घेतला. "जुन्यातलं सगळं नव्यात घालून दे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "पण आवरू नकोस हं."

लागलं मला ते. लागायलाच हवं होतं म्हणा. नातेवाइकांपैकी काहींना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी आज लिहून टाकते.

आई शाळेतून रिटायर झाल्यावर, 2006 साली, तिनं एमएस-सीआयटीचा क्लास लावला. वर्गात सगळी कॉलेजातली पोरं आणि त्यांच्यात पहिल्या बाकावर वही-पेन घेऊन बसलेल्या आमच्या मातोश्री. परीक्षा झोकात पास झाली आणि घरी कॉम्प्युटर आला. मराठी टाइप करायला कुणीतरी तिला एक जुना फाँट टाकून दिला होता. युनिकोडच्या आधीचा, म्हणजे तो फाँट त्या मशिनवर असेल तर मराठी दिसणार, नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. पण आईचं काम भागत होतं. ती तिच्या आईबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल, लिहायला लागली होती. रोज दुपारी, भांडी झाल्यावर, तासभर.

2008 च्या दिवाळीला मी साताऱ्याला गेले आणि तिचा डेस्कटॉप बघून मला घामच फुटला. पडदाभर आयकॉन! लाइटबिल, भिशीचा हिशेब, भाच्याच्या मुंजीचे फोटो, 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (2)', असं 7 पर्यंत. मागचा गणपतीचा वॉलपेपर जेमतेम सोंडेपुरता दिसत होता. मी आयटीतली. ऑफिसात फायलींना कशी नावं द्यावीत यावर नवीन मुलांना प्रवचन देणारी. तारीख आधी लिहावी, तीही वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं, म्हणजे नावानं लावलं तरी फायली आपोआप तारखेनं लागतात, वगैरे वगैरे. मला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

माझ्याकडे एक सबळ कारणही होतं, ते आधी सांगते. डेस्कटॉप ही काही कॉम्प्युटरच्या बाहेरची जागा नव्हे. तोही एक फोल्डरच, आणि तो असतो सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्याच शेजारी. त्या काळी व्हायरस आला की दुरुस्तीवाला यायचा आणि बिनदिक्कत सी ड्राइव्ह फॉरमॅट करून जायचा. डी ड्राइव्हवरचं वाचायचं, डेस्कटॉपवरचं जायचं. अशी किती लोकांची लग्नाच्या फोटोंसकट वाताहत झालेली मी पाहिली होती. तेव्हा आईचं सगळं डीवर हलवून नीट लावून देणं हे कर्तव्यच होतं माझं.

आई फराळाचं घेऊन शेजारी गेली होती. तेवढ्यात बसले. डीवर फोल्डर केले: 'घर', 'बँक', 'फोटो', 'लेखन'. फोटोंत सालवार उपफोल्डर. 'लेखन'मध्ये टाकायला तीन फायली सापडल्या: 'आजी', 'आजी प्रिंट' आणि 'आजी नवीन'. माझा नियम साधा. सगळ्यात अलीकडे बदललेली ती खरी, बाकीच्या जुन्या. त्या दिवसाची तारीख 'आजी प्रिंट'वर होती, ती ठेवली, बाकीच्या दोन उडवल्या. आणखी एक होती, 'न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट'. चुकून राइट क्लिक झालं की आपोआप तयार होते ना, तशी. असल्या नावाची फाइल रिकामीच असते. उघडलीसुद्धा नाही. आणि हे सगळं शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे रिसायकल बिनमध्येही कचरा नको.

वर हौसेनं सी ड्राइव्हला डीफ्रॅगमेंट लावलं. ते लाल-निळे पट्टे हळूहळू एका रांगेत येताना बघायला मला फार आवडायचं. काय समाधान वाटायचं म्हणून सांगू!

आई परत आली. खुर्चीत बसली. स्वच्छ पडदा, पूर्ण गणपती. तिनं डावीकडे खालच्या कोपऱ्यात माऊस नेला आणि थांबली.

"इथं होतं ते कुठंय?"

"काय होतं?"

"अगं, आजीचं. इथं, गणपतीच्या मोदकाखाली."

मी ऐटीत 'लेखन' उघडून दाखवलं. 'आजी प्रिंट'मध्ये दोन पानं निघाली. मावशीला पोस्टानं पाठवायला म्हणून तिनं त्याच सकाळी सुरुवातीची दोन पानं वेगळी काढून छापली होती. म्हणून ती सगळ्यात अलीकडची. 'आजी' आणि 'आजी नवीन' हे आधीचे अर्धवट प्रयत्न. आणि खरं लिखाण, 23 पानं, 'न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट'मध्ये होतं. तिला नाव द्यायची गरज कधी पडलीच नाही. ती मोदकाखाली होती, बस.

साखरेच्या डब्यात रवा. माहीत असून मी हे विसरले.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "सापडेल का गं?"

फाइल डिलीट केली म्हणजे ती लगेच पुसली जात नाही. कॉम्प्युटर फक्त 'ही जागा आता मोकळी' अशी नोंद करतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथंच पडून असतो. म्हणूनच अशा वेळी कॉम्प्युटर बंद करून हात जोडून बसावं. पण मी तर डीफ्रॅगमेंट केलेलं! म्हणजे इकडचे तुकडे उचलून तिकडच्या मोकळ्या जागांत नेऊन बसवलेले. माझ्या हातानं, माझ्या हौसेनं.

भाऊबीज सोडून मी दोन दिवस रिकव्हरीची सॉफ्टवेअर चालवत बसले. जे काय निघालं त्यात फोटोंचे अवशेष, विंडोजचा कचरा, आणि अगम्य अक्षरं. त्यातही गंमत बघा, आईचा मजकूर त्या फाँटशिवाय कचऱ्यासारखाच दिसणार. म्हणजे कचरा कुठला आणि आजी कुठली, हेच कळेना. शेवटी प्रत्येक तुकडा वर्डमध्ये टाकायचा, त्याला तो फाँट लावायचा आणि वाट बघायची, असं सुरू केलं. दुसऱ्या रात्री एका तुकड्याला फाँट लावला आणि एकदम मराठी झालं. जेमतेम दीड पान. शब्दाच्या मध्येच सुरू, शब्दाच्या मध्येच खलास.

त्या दीड पानात असं होतं, की आईला डी.एड.ला जायचं होतं आणि आजोबांनी पैसे नाहीत म्हणून सांगितलं. त्या रात्री आजीनं तूरडाळीचा डबा परातीत उपडा केला. तळाशी फडक्यात बांधलेल्या नोटा. किती वर्षं साठवल्या होत्या, कुणाला पत्ता नव्हता. आजीनं ते फडकं आईच्या हातात दिलं, आणि... "तेव्हा आई मला म्हणाली की तू आता मा"

इथं संपलं.

मी आईला विचारलं, काय म्हणाली गं आजी? आई बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिली. "लिहिताना अगदी शब्द न् शब्द आठवलं होतं बघ. आता नाही आठवत."

पुढच्या वर्षभरात तिनं सगळं पुन्हा लिहून काढलं. चांगलं लिहिलंय, तुमच्यातल्या अनेकांनी वाचलंय. पण त्यात ते वाक्य नाही. तिला न आठवणारं वाक्य बनवून घालणं तिला पटलं नाही. मास्तरीणबाई आहेत त्या.

आता इतक्या वर्षांनी सगळं सोपं झालंय. फायलींच्या जुन्या आवृत्त्या क्लाउडमध्ये आपोआप राहतात, सर्चमध्ये दोन शब्द टाकले की हवं ते पुढं येतं. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र 'जुना डेस्कटॉप' नावाचा फोल्डर आहे, त्याच्या आत त्याच्याही आधीच्या लॅपटॉपचा 'जुना डेस्कटॉप', आणि त्याच्या आत आणखी एक. प्रवचनकाराच्या घरची ही अवस्था! पण एक शिकले. आपला पसारा हा पसारा असतो, दुसऱ्याचा पसारा हा त्याचा पत्ता असतो. विचारल्याशिवाय हात लावू नये. बॅकअप जरूर घ्यावा, दोन घ्यावेत, पण आहे तसा, धुळीसकट.

तर गेल्या महिन्यात मी आधी आईच्या जुन्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. मग सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवलं. नव्या मशिनचा पडदा रुंद, त्यामुळे आयकॉन भलतीकडेच जाऊन बसले. 'ऑटो अरेंज' बंद केलं, आणि तो फोटो समोर ठेवून एकेक आयकॉन ओढत त्याच्या जागी नेला. तासभर गेला. मागं गणपती तोच. मोदकाखाली ती दीड पानाची फाइल, अजूनही तिच्या त्याच नावानं. 'न्यू मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट'.

आई बसली, माऊस थेट कोपऱ्यात नेला, आणि काही न बोलता भिशीचा हिशेब उघडला.

असो. मावशी, मामा, आणि आजीला ओळखणारे बाकीचे सगळे, तुमच्यासाठी एकच. आईनं तो तूरडाळीच्या डब्याचा किस्सा तुमच्यापैकी कुणाला पूर्वी सांगितला असेल, आणि आजी तेव्हा काय म्हणाली ते आठवत असेल, तर प्लीज मला कळवा. कसंही कळवा. मी नीटनेटकं करणार नाही, आहे तसं ठेवीन.